सांगाड्याला सोडलेलं पाणी

आमच्या भावकीत आमच्या घराला अजूनही 'प्लास्टिकवाले' म्हणतात. कुठल्याही लग्नात, कुठल्याही मुंजीत मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हळूच विचारतं, "प्लास्टिकवाले आले का?" आणि तिथे खसखस पिकते. पिकू दे. मी मुद्दाम मागे वळून मोठ्यांदा सांगते, "आले हो आले, आणि जेवूनच जाणार!" लाज वाटायची असेल तर त्यांना वाटू दे. मला तेव्हा वाटली नाही, आता नव्यानं वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

हे नाव कसं पडलं ते जो तो आपापल्या सोयीनं सांगतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून आज मी माझ्या तोंडानं सांगते.

बाबा नाशिकच्या घाटावर तीर्थपुरोहित. आजोबा तेच, पणजोबा तेच. कुठल्या कुठल्या गावांतून माणसं आपल्या गेलेल्या माणसाच्या अस्थी घेऊन येतात. त्यांच्याकडून विधी करून घ्यायचे, पाणी सोडायचं, अस्थी कुंडात विसर्जित करायच्या, हे आमच्या घराचं काम. घाटावरची बसायची जागा, म्हणजे गादी, बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे काका, दोघांत मिळून. एक महिना काकांची पाळी, एक महिना बाबांची. पाळी असली की बाबा आमचे नसायचेच. पहाटे जायचे ते उन्हं कलल्यावर यायचे, आणि आल्यावर घसा बसलेला असायचा. त्यामुळे सहल काढायची ती पाळी नसलेल्या महिन्यात.

इतरांचे बाबा मुलींना धरणावर नेतात, बागेत नेतात, नाहीतर मॉलमध्ये आइस्क्रीम खायला घालतात. आमचे बाबा आम्हाला म्युझियममध्ये न्यायचे. सिन्नरच्या रस्त्याला एका संस्थेच्या मागच्या बैठ्या इमारतीत निसर्गविज्ञानाचं छोटंसं म्युझियम आहे. एकदा एक यजमान वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते, ते तिथले शास्त्राचे मास्तर. सगळं उरकल्यावर ते बाबांना म्हणाले, "गुरुजी, मुलींना घेऊन या एकदा." कुणी असं म्हटलं की लोक 'हो हो' म्हणतात आणि विसरतात. बाबा विसरले नाहीत.

मी तेव्हा सहावीत होते, धाकटी बहीण तिसरीत. सीबीएस स्टँडवरून सिन्नरची एसटी, खिडकीवरून आम्हा दोघींची मारामारी, आईच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पेरू. म्युझियममध्ये विहिरी खणताना सापडलेले स्फटिक होते, हिरवे, गुलाबी, काही तर साखरेचे खडेच वाटावेत असे. पेंढा भरलेलं गिधाड होतं. बरणीत मण्यार होता, त्याच्याकडे बघून धाकटीनं आईचा पदर तोंडावर घेतला. आणि शेवटच्या खोलीत, काचेच्या उभ्या कपाटात, माणसाचा सांगाडा होता.

बाबा त्याच्यासमोर थांबले ते थांबलेच. आम्ही दोनदा गिधाड बघून आलो तरी ते तिथेच. मग माझ्याशी बोलल्यासारखं म्हणाले, "आमच्याकडे येतो तो जळून, मडक्यात मावेल एवढा होऊन. आख्खा माणूस आतून कसा उभा राहतो, ते मी आज बघतोय." इतकी वर्षं अस्थींमध्ये हात घातलेला माणूस, आणि त्यानं पहिल्यांदा बघितलं म्हणे! मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी गिळलं.

आणि मग बाबांनी ते केलं, जे आमच्या घाटावरच्या माणसाशिवाय जगात कुणी करणार नाही. दाराशी स्टुलावर बसलेल्या वॉचमनकडे वळून, घाटावर विचारतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "गोत्र कोणतं?"

"कुनाचं?"

"ह्यांचं."

वॉचमननं सांगाड्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "ओ काका, हे म्युझियम हाय. हितं गोत्रबित्र काय नाय."

"मग काश्यप," बाबा म्हणाले. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप धरायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. कुणीच कुणाचा नसलेला माणूसही त्यामुळे कुणाचा तरी होतो. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली, जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं आणि आईला म्हणाले, "पाण्याची बाटली दे."

"अहो! इथे?"

"मग कुठे? ह्याला घाटावर कोण घेऊन येणार आहे?"

 मला वाटलं, आई आता त्यांना हात धरून बाहेर ओढणार. पण तिनं पिशवीतून डबा काढला, त्याचं मोठं झाकण पुसलं आणि बाबांच्या हाताखाली धरलं, पाणी फरशीवर सांडू नये म्हणून. बाबांनी तीन वेळा पाणी सोडलं. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "या, तुम्हीही सोडा."

हे 'या' म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. आम्ही घाटावरच्या भटजीच्या मुली, पण घाटावर आम्हाला काडीची किंमत नव्हती. दर्भाची जुडी घरून कोपऱ्यापर्यंत नेऊन द्यायची, पुढे पाऊल टाकायचं नाही. एकदा मी बाबांची पळी उचलून हातात दिली तर काकांनी ती घासायला लावली होती. 'मुलगा असता तर' हे वाक्य तर मी जेवणात मीठ खावं इतक्या वेळा ऐकलं. आणि इथे बाबा आम्हाला बोलवत होते.

"आम्ही?" मी विचारलं.

"मग? ह्याला आपल्या चौघांशिवाय आहे कोण?"

त्यांनी मला शिकवलं. बोटांच्या टोकांवरून सोडलं की ते देवांचं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून सोडलं की ते पितरांचं. पाणी अंगठ्याच्या मुळाशी गार लागलं आणि झाकणात पडलं. धाकटीचं निम्मं मनगटावरून फ्रॉकच्या बाहीत गेलं. "पोचलं, पोचलं," बाबा म्हणाले. झाकणातलं पाणी आम्ही बाहेर लिंबाच्या मुळाशी ओतलं, तिथेच बसून दशम्या खाल्ल्या. घरी आल्यावर आईनं सगळ्यांना अंघोळ करायला लावली, स्वतःही केली. तिचं एक बरं होतं. नवऱ्याला अडवायची नाही, पण स्वतःचा नियमही सोडायची नाही.

त्यानंतर आम्ही जातच राहिलो. बाबांच्या खिशात तिळाची पुडी असायची. सांगाड्याचं नाव आम्ही बहिणींनी 'काश्यपकाका' ठेवलं, आणि पुढे पुढे तो वॉचमनच आम्हाला गेटवर चिडवायचा, "या, काश्यपकाका कवाधरनं वाट बघून ऱ्हायले." मी त्या एका खोलीत उभं राहून शास्त्र शिकले म्हणा ना. बरगड्या कुठे जुळतात, मणके एकावर एक कसे बसतात, सगळं बाबांच्या बोटाबरोबर. आमच्या वर्गातल्या मुली अम्यूझमेंट पार्कचे फोटो दाखवायच्या. मी मिटल्या तोंडानं बघायची. तुमच्याकडे पाळणे आहेत, आमच्याकडे काश्यपकाका आहेत, काय म्हणणं आहे?

मी अकरावीत होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत चुलतभाऊ आमच्याबरोबर आला. काकांचा थोरला मुलगा, वयानं माझ्याहून बराच मोठा, घाटावर बसायला लागलेला. नवी गाडी घेतली होती, ती दाखवायची होती. "काकू, एसटीनं कशाला, मी सोडतो की," म्हणाला. आई आनंदली. माझ्या मात्र मनात पाल चुकचुकली, पण मला विचारतंय कोण!

बाबांनी नेहमीसारखं जानवं फिरवलं, ओंजळीत पाणी घेतलं. चुलतभावानं मोबाइल काढला आणि वॉचमनला विचारलं, "काय हो, हा खरा आहे का?"

"खरा कुठला! प्लास्टिकचा हाय. खरा ठेवायला लय परवानग्या लागत्यात."

चुलतभाऊ जो हसायला लागला! भिंतीला टेकून हसला, पण मोबाइल काही खाली घेतला नाही. धाकटी रडवेली झाली. मी वॉचमनवरच धावून गेले. "इतकी वर्षं सांगितलं का नाही?" तो बिचारा ओशाळला. "तुम्ही इतक्या मनानं करून ऱ्हायले व्हते. म्हनलं, आपून कशाला मोडता घालायचा?"

बाबांची ओंजळ तशीच होती. त्यांनी सांगाड्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. "घेतलेलं पाणी माघारी ओतत नसतात," म्हणाले, आणि सोडलं. मग माझ्याकडे वळून, "तू सोड." मी सोडलं. धाकटीनं सोडलं. ते सगळं मोबाइलमध्ये आलं.

आम्ही घरी पोचायच्या आत भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ पोचला होता. खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारी तोंडं, ओळीनं. कुणी लिहिलं, 'आता बादलीलाही पिंड द्या.' कुणी लिहिलं, 'टपरवेअरचं वर्षश्राद्ध कधी?' हेच लोक दरवर्षी पितृपक्षात आमच्याकडे खीर-वडे ओरपून जातात. हसण्यापर्यंत ठीक होतं. पण मग कुणाच्या तरी लक्षात आलं की व्हिडिओत आम्ही दोघीही पाणी सोडतोय, तिळासकट, रीतसर. तिथे हसणं थांबलं आणि काकांचा फोन आला.

फोन बाबांनी घेतला, पण काकांचा आवाज सगळ्या घराला ऐकू येण्याजोगा. चंपाषष्ठीला कुळधर्माला सगळे जमतील. तिथे सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हण, मिटलं. नाहीतर यजमानांच्या कानावर जायच्या आत तुझ्या पाळीला माझा मुलगा बसेल. घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे.

आता खरं सांगते. प्लास्टिकचं मला काहीही वाटत नव्हतं. पाळीचंसुद्धा, लाज सोडून सांगते, तेवढं वाटत नव्हतं. त्या वयात घर कशावर चालतं ते कुणाला कळतं! मला भीती एकच होती. बाबा 'चुकलो' म्हणाले, तर आमच्या हातून सोडलेलं पाणीही चूक ठरणार होतं. आख्ख्या जगात तेवढी एकच गोष्ट होती जी आम्हाला मुलगा नाही म्हणून नव्हे, आम्ही आहोत म्हणून मिळाली होती. ती बाबांनी स्वतःच्या तोंडानं परत घेतली असती तर मी त्यांच्याकडे पुन्हा कशी बघणार होते?

"बाबा, म्हणणार का तुम्ही?" मी विचारलं.

"बघू."

ह्या 'बघू'नं मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. ताट समोर सरकवायचं आणि तोंड फिरवायचं. आईनं एकदा मला मोरीपाशी गाठलं. "त्यांच्या पाळीवर हे घर चालतं, तुझ्या तोंडावर चालत नाही. कळलं?" मी म्हटलं, "कळलं. पण मग मला तिथे नेऊ नका." ती म्हणाली, "येशील. मान खाली घालून येशील." मी गेले. मान मात्र खाली घातली नाही.

काकांचं घर म्हणजे पंचवटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सोफा गॅलरीत ढकललेला, हॉलमध्ये चटया, केळीची पानं, पानांभोवती रांगोळी. खंडोबाची तळी भरून झाली, भंडारा उधळला, सगळ्यांची कपाळं पिवळी. चातुर्मासात बंद केलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी सुटतो, त्यामुळे भरताच्या वासानं सगळे भुकेले. पुरुषांची पंगत पहिली, बायकांनी वाढायचं, ही त्या घरची पद्धत. माझ्या हातात काकूनं पाण्याचा तांब्या दिला. फुलपात्रं भरायची, एवढंच. आपोष्णीचं पाणी, म्हणजे जेवण सुरू करण्याआधी तळहातावर घेऊन प्यायचं ते, ज्यानं त्यानं आपापल्या फुलपात्रातून घ्यायचं. ते बाईच्या हातून घ्यायचं नाही, असा काकांचा दंडक. आणि घरच्या थोरल्यानं आपोष्णी घेतल्याशिवाय पंगतीत कुणी घासाला हात लावायचा नाही.

पानं वाढून झाली. बाजरीचा रोडगा, भरीत, कांद्याची पात, वरणभात, पुरण. काकांनी पानाबाहेर चित्राहुती, म्हणजे भाताची चार-चार शितं, घातल्या. सगळ्यांचे हात तयार. काकांनी तळहात पुढे केला आणि मागे घेतला.

"आधी एक विषय संपवू," ते म्हणाले.

चुलतभाऊ पानाकडे बघून हसला. बाबा मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यावर.

"माणूस फसतो," काका म्हणाले. "तू फसलास. त्यात मोठंसं काही नाही. म्हण, चुकलो, आणि जेवू."

"फसलो खरा, अण्णा. पण चुकलो नाही."

"फरक काय पडतो?"

"आपण एवढी वर्षं घाटावर बसतो. सोडलेलं पाणी पोचलं, ह्याची पावती तुम्हाला कधी आली का? मला तर एकदाही आली नाही. आपण सोडायचं. पलीकडे कोण उभं आहे ते बघणं आपल्या हातात कुठे आहे?"

पंगतीच्या शेवटी कुणीतरी 'खरंय बुवा' असं पुटपुटलं आणि काकांनी बघताच कांद्याच्या पातीशी चाळा करू लागलं. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण काका घाटावर मुरलेले. त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"बरं. सांगाड्याचं सोडून दे. मीही सोडतो. पण पोरींच्या हातून पाणी सोडवलंस, तेवढं चुकलं म्हण. एवढंच. पाळी तुझी, गादी तुझी, पुन्हा विषय निघणार नाही."

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. एक शब्द, आणि सगळं पूर्ववत. बाबा रोडग्याकडे बघत होते.  स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात तुपाचं भांडं. मला दिसत होतं की बाबा हिशेब करतायत, आणि तो हिशेब आमच्याच पोटापाण्याचा होता. मला ते सहन झालं नाही.

"काका, रोडगे गार होतायत," मी म्हटलं.

काकूनं कोपरानं ढोसलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ. हे असं तोंड फुटतं. ह्याचसाठी सांगतोय."

"इकडे ये गं," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता ओरडणार. सगळ्यांसमोर माफी मागायला लावणार. मी पानांमागून जाऊन त्यांच्यापाशी उभी राहिले. बाबांनी आपलं फुलपात्र उचललं आणि बाजूला ठेवून दिलं. मग उजवा तळहात माझ्यापुढे धरला.

"ओत."

मी घाईनं तांब्या कलता केला, तसं थोडं पाणी भातावर सांडलं. बाबांनी हात हलवला नाही. मंत्र म्हटला आणि माझ्या हातचं पाणी प्याले, काकांच्या आधी, सगळ्या भावकीच्या डोळ्यांदेखत. रोडगा मोडला, भरताला लावला, घास तोंडात घातला. 

घास गिळल्यावर म्हणाले, "अण्णा, मुलीच्या हातचं पाणी मी प्यालो. ह्यात काही चुकलं असेल तर ते आता माझ्या पोटात गेलं. तिथून काढून दाखवा."

काका उठले. भरल्या पानावरून न जेवता उठले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आमच्याकडे ह्याहून मोठा अपमान नाही. चुलतभावाला उठावं की बसावं कळेना. पण भूक कुणाला चुकली आहे, बाकीच्यांनी एकेक करून हळूच आपोष्णी घेतली. बाबांची पुढची पाळी गेली, त्यानंतरचीही गेली. सातपूर, ओझरपर्यंत सत्यनारायण आणि वास्तुशांती करत हिंडावं लागलं त्यांना. हे त्या क्षणी त्यांना ठाऊक होतं. तोंडातल्या घासासकट ठाऊक होतं.

मी तांब्या घेऊन तशीच उभी होते. मला रडू येत होतं आणि ते मला त्या लोकांना दाखवायचं नव्हतं. एवढ्यात आई आली. तिनं बाबांच्या भातावर तूप वाढलं. मग माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, माझं मनगट धरलं आणि मला पंगतीच्या पहिल्या जागेवर नेलं. काकांचं पान तसंच होतं, एक घासही न मोडलेलं.

"बस," ती म्हणाली.

"इथे?"

"वाढलेलं अन्न टाकत नाहीत. बस म्हणते ना."

मी बसले. डाव्या हाताला चुलतभाऊ, समोर बाबा.  रोडगा गार होऊन कडक झाला होता, तो मी सगळा खाल्ला. भात दोनदा मागून घेतला. दोन्ही वेळा काकूनं वाढला.